इंजिन धुतल्यावर गाडी दरवेळी मिसिंग का मारते, आणि इंजिन बे (बॉनेटखालची इंजिनाची जागा) घरी कसा साफ करावा

पेट्रोल गाडीचे इंजिन धुऊन आणले की पुढचे एक-दोन दिवस गाडी मिसिंग मारते (झटके खात, अडखळत चालते), सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरते, चढावर पिकअप कमी पडतो आणि काही वेळा डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. मग ऊन लागते, गाडी थोडी फिरते आणि सारे पूर्ववत होते. पुढच्या धुलाईला पुन्हा तेच. गॅरेजमध्ये विचारले तर ‘पाणी गेले असेल, वाळले की बरे होईल’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सुस्थितीतले इंजिन मुसळधार पावसात आणि घाटातल्या दाट धुक्यातही बिनतक्रार चालते. तेच धुतल्यावर अडखळत असेल तर पाण्याला आत शिरायला वाट मिळालेली आहे, आणि ती वाट शोधून बंद केल्याशिवाय ही तक्रार संपत नाही. उलट प्रत्येक धुलाईगणिक ती थोडी अधिक खर्चिक होत जाते.

पाणी नेमके कुठे साचते

अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असते आणि ती थेट स्पार्क प्लगवर बसवलेली असते. प्लग मात्र वर दिसत नाही; तो सिलिंडर हेडमधल्या एका अरुंद, खोल होलच्या तळाशी असतो, जिथे बोट घातले तरी पोचत नाही. होलच्या तोंडाशी कॉइलचे रबरी सील बसते आणि आत प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर कॉइलचा रबरी बूट घट्ट चढलेला असतो. नवे रबर वरून उडणारे पाणी सहज अडवते. पण इंजिनाच्या उष्णतेने हे रबर काही वर्षांत कडक होते, आकसते, त्याला बारीक चिरा पडतात, आणि वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा नेमका त्या फटीवर बसला की चमचाभर पाणी तळाशी जाते.

ते पाणी लवकर बाहेर येत नाही. इंजिन तापले की त्याची वाफ होते, वाफ सीलखाली कोंडते आणि इंजिन थंड झाले की पुन्हा थेंब होऊन प्लगच्या मुळाशी उतरते. गाडी ‘दोन दिवसांत आपोआप बरी’ होण्यामागे एवढेच असते.

मिसिंगचे कारण विजेच्या स्वभावात आहे. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २०,००० ते ४०,००० व्होल्टपर्यंतचा दाब तयार करते, कारण सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात प्लगच्या टोकाशी असलेली, बहुधा एक मिलिमीटरच्या आसपासची फट ठिणगीला ओलांडायची असते. बाहेर ओलसर पृष्ठभाग मिळाला तर वीज ती अवघड फट सोडून देते आणि बुटाच्या किंवा चिनी मातीच्या कडेने थेट हेडच्या धातूत उतरते. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येते, पण पेटत नाही. इथेच पुढच्या तक्रारीचे बीजही पडते. अशी भरकटलेली ठिणगी रबरावर केसाएवढी बारीक काळी रेघ जाळते. ती रेघ कार्बनची असते आणि कार्बन विजेचा वाहक आहे. पाणी वाळून जाते, रेघ राहते. पुढच्या वेळी वीज त्याच वाटेने जायला थोडीशी दमट हवाही पुरते. म्हणून नुसते वाळवून काम भागत नाही.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसल्यामुळे ही विशिष्ट तक्रार तिथे येत नाही. तिथे धुतल्यानंतर अडचण आली तर ती बहुधा सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) शिरलेल्या पाण्यामुळे असते.

मिसिंग सुरू झाल्यावर काय करावे

पिवळा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी जपून, हळू चालवत घरापर्यंत आणता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी, हा नियम मी कोणत्याही कारणाने शिथिल करणार नाही. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा की न जळलेले पेट्रोल एवढ्या प्रमाणात बाहेर पडत आहे की ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळेल. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतली सच्छिद्र वीट वितळू शकते. कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो, आणि ‘चालवत राहा, पाणी सुकेल’ हा सल्ला ऐकून हे नुकसान ओढवून घेणे दुर्दैवी आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. पॉझिटिव्ह आधी काढायला गेल्यास पाना चुकून बॉडीला टेकतो आणि जोरदार शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधी सुटली असेल तर तो धोका राहत नाही. मग इंजिनावरचे प्लॅस्टिकचे कव्हर उचलावे, कॉइलच्या कपलरची कळ दाबून तो सोडवावा (वायर धरून ओढू नये), बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर घ्यावी. बहुतेक गाड्यांत या बोल्टला १० मिलिमीटरचा पाना लागतो. कॉइल काढताना त्यांवर १, २, ३ असे आकडे टाकून ठेवावेत.

आता टॉर्च धरून होलमध्ये पाहावे. तळाशी पाणी असेल तर ते चकाकते, प्लगच्या षटकोनी भागावर तांबूस गंज दिसतो आणि बुटाच्या आत पांढरट क्षाराचे कडे उमटलेले असते. हे पाणी प्लग न काढताच बाहेर घ्यावे, कारण प्लग सैल केला की ते सरळ सिलिंडरमध्ये उतरते. लांब नळी लावलेल्या सिरिंजने पाणी ओढावे, उरलेले सुती कापडाच्या पिळलेल्या वातीने टिपावे आणि शेवटी हवा मारावी. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण होलमधली वाळू आणि गंज थेट तोंडावर उडतो.

होलमध्ये पाण्याऐवजी तपकिरी, बुळबुळीत ऑइल दिसले तर रोग वेगळा आहे. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग किंवा प्लग होलभोवतीची सीले कडक झाल्यावर इंजिन ऑइल आत झिरपते, बुटाचे रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि मग पाण्याला अडवण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. अनेक गाड्यांत पाणी आणि ऑइल दोन्ही एकत्र सापडतात. अशा वेळी कॉइल बदलून पॅकिंग तसेच ठेवले तर नवी कॉइलही काही महिन्यांत त्याच अवस्थेला जाते.

बूट काढून हातात घ्यावा आणि उजेडात फिरवून पाहावा. उभी काळी रेघ, करडा डाग किंवा वाकवल्यावर उघडणारी चीर दिसली तर तो बूट पुसून परत लावण्यात अर्थ नाही. काही गाड्यांत बूट सुटा मिळतो, काहींत कॉइलसकट घ्यावा लागतो. प्लगच्या चिनी मातीवर तशीच रेघ असेल तर प्लगही बदलावा, कारण जुन्या प्लगवरची रेघ नव्या बुटाला लगेच खराब करते. बूट चांगला असेल तर त्याच्या तोंडाशी आतल्या बाजूने डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्यावा. साधे बेअरिंगचे ग्रीस इथे चालत नाही. त्यातले तेल रबराला घातक ठरते.

डोळ्यांना काहीच दिसत नसेल आणि मिसिंग चालूच असेल, तर ब्लूटूथचे स्वस्त ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) उपयोगी पडते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचे, याच क्रमाने पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरचे नाही. समजा पी०३०२ आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पुन्हा वाचावा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल किंवा तिचा बूट गेला. पी०३०२ तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि कपलर तपासावेत. एकही सुटा भाग विकत न घेता मिळणारा हा पुरावा हाती असला की सगळ्या कॉइल एकदम बदलण्याच्या सल्ल्याला शांतपणे नकार देता येतो.

पावसातही हीच तक्रार असेल तर

मग धुलाईला दोष देऊ नये. काचेखाली वायपरच्या मुळाशी प्लॅस्टिकची जाळी असते. काचेवरून वाहणारे पाणी तिच्यातून एका पन्हाळीत उतरते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या बाजूला बाहेर पडते. गुलमोहराखाली किंवा पिंपळाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोके पानांच्या लगद्याने बुजतात. पन्हाळ भरते आणि पाणी काही गाड्यांत इंजिनाच्या मागच्या बाजूला, नेमके कॉइलच्या वर ठिबकते, तर काहींत ब्लोअरवाटे पायाखालच्या मॅटपर्यंत येते. बॉनेट उघडून जाळीवर तांब्याभर पाणी हळू ओतावे आणि ते चाकाजवळून खाली पडते की नाही ते पाहावे. भोक बुजले असेल तर जाड नायलॉनच्या दोरीने मोकळे करावे; तारेने रबरी नळी फाटते.

घरी साफ करण्याची सुरक्षित रीत

माझे स्पष्ट मत असे आहे की घरच्या मोटारीचे इंजिन धुण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. ते पुसण्याची गरज असते. पाण्याचा पाइप दूर ठेवला की वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक उद्भवतच नाहीत.

सावलीची, हवेशीर जागा निवडावी आणि गाडी बंद करून किमान दोन तास जाऊ द्यावेत. टॅपेट कव्हरवर हात ठेवल्यावर कोमट लागले तर चालते, चटका बसला तर थांबावे. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांवर) गार पाणी पडले तर बिडाला तडा जाऊ शकतो, त्यावरच्या ऑक्सिजन सेन्सरची आतली चिनी माती फुटू शकते, आणि साबण जागीच वाळून ॲल्युमिनियमवर कायमचे पांढरे डाग उमटतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर इथेही आधी काढावी. काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो आणि तेव्हा हात त्याच्या जवळ असेल तर इजा गंभीर होते. वायर काढल्याने घड्याळ आणि काही गाड्यांत खिडक्यांची ऑटो सोय पुन्हा जुळवावी लागते. तेवढा त्रास सोसण्याजोगा आहे.

पहिली फेरी कोरडी असावी. पाने, काड्या, वाळू हाताने आणि दीड-दोन इंची रंगाच्या ब्रशने खाली न लोटता बाहेर काढावीत. जमल्यास व्हॅक्यूम क्लीनरची निमुळती नळी वापरावी. कोकणातून आलेल्या गाडीवरची तांबडी धूळ आणि देशावरची काळ्या मातीची पूड ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो कपलरच्या खाचांत जाऊन बसतो, म्हणून कोरडेपणी निघेल तेवढी ती काढूनच पुढे जावे. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर मात्र कोरडा ब्रश मारू नये. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग उंदरांच्या मूत्रातून पसरतो, त्यामुळे रबरी हातमोजे आणि मास्क घालून जागा जंतुनाशकाने ओली करावी, थोडा वेळ थांबावे आणि मग कागदाने टिपून घ्यावे. त्याच वेळी वायरींवर दातांच्या खुणा आहेत का तेही पाहावे.

यानंतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), हवेच्या फिल्टरचे तोंड आणि कॉइलचा भाग प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबर बँड लावावेत. अल्टरनेटरला थंड होण्यासाठी चहूबाजूंनी झरोके असतात. त्यातून चिखलपाणी गेले तर ब्रश आणि बेअरिंग झिजतात, आणि हा बिघाड लगेच दिसत नाही. लावलेल्या पिशव्या मोजून ठेवाव्यात. एक विसरलेली पिशवी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात अडकते किंवा मॅनिफोल्डवर वितळते. ऑइलची डिपस्टिक, ऑइलचे झाकण, कूलंट आणि ब्रेक ऑइलची झाकणे घट्ट आहेत याची खात्री करावी. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेते: डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि त्यात थोडे पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. घाट उतरताना हा फरक ब्रेक पॅडलखाली जाणवतो.

पुसण्यासाठी ऑल पर्पज क्लीनर एकास दहा प्रमाणात पातळ करावा, किंवा लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कार शाम्पू घालावा. फवारा भागावर न मारता फडक्यावर आणि ब्रशवर मारावा. ऑइलचा जुना चिकटा असेल तिथे ओला ब्रश लावून तीन-चार मिनिटे थांबावे, टूथब्रशने घोळवावे आणि लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावे. हातभर जागा पूर्ण झाली की मगच पुढची घ्यावी. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसावे. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर त्याऐवजी आरओचे पाणी घ्यावे, नाहीतर काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे ठिपके राहतात.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड जमली असेल तर ती उघड्या हाताने झटकू नये, कारण तिच्यात आम्ल असते. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने लावावा, फेस थांबेपर्यंत वाट पाहावी, पुसून कोरडे करावे आणि टर्मिनल घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये.

सगळे झाल्यावर पिशव्या मोजून काढाव्यात, बॉनेट उघडे ठेवून तासभर वाळू द्यावे आणि कोपऱ्यांत ब्लोअरने हवा मारावी. वायर जोडताना पॉझिटिव्ह सुटी केली असेल तर ती आधी जोडावी. निगेटिव्ह नेहमी शेवटी. गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे आयडलवर ठेवावी आणि कान देऊन ऐकावे. सुरुवातीला पट्टा किंचित चिरकला आणि लगेच थांबला तर तो ओला होता एवढेच. आवाज चालूच राहिला तर पट्ट्यावर क्लीनर किंवा ऑइल लागले आहे का ते पाहावे.

ज्या गोष्टी टाळाव्यात

‘डिझेल मारून इंजिन चकाचक’ ही रस्तोरस्ती मिळणारी सेवा मला सर्वांत धोकादायक वाटते. डिझेल आणि रॉकेल कूलंटच्या होजमध्ये वापरल्या जाणाऱ्या रबराला फुगवतात, पट्टा घसरू लागतो, आणि मॅनिफोल्डच्या सांदीत उरलेले डिझेल गाडी तापल्यावर पेट घेऊ शकते. वरून चढणारी चकाकी म्हणजे तेलाचा थर असतो आणि आठवड्याभरात त्यावर दुप्पट धूळ बसते. पेट्रोलने पुसण्याचा तर विचारही करू नये. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करण्याचे ॲसिड ॲल्युमिनियम खातात. प्रेशर वॉशर घरगुती असला तरी १०० बारच्या आसपास दाब देतो. एवढ्या दाबापुढे कपलरची रबरी सीले टिकत नाहीत.

सीएनजी गाडीत बॉनेट उघडल्यावर गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवावे आणि अधिकृत केंद्राला बोलवावे. रेग्युलेटर आणि त्याच्या जोडण्या स्वतः सैल करू नयेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या कपलरपाशी ओले फडके नेऊ नये आणि त्या गाडीची पुस्तिका सांगते त्यापलीकडे जाऊ नये.

चिकटा पुन्हा पुन्हा का येतो

साफ केलेले इंजिन महिन्याभरात पुन्हा काळे, चिकट झाले तर तो धुळीचा दोष नाही. धूळ चिकटायला आधी काहीतरी ओले लागते, आणि ते बहुधा ऑइल असते. नेमकी गळती शोधायला साफ, कोरडे इंजिन हीच उत्तम संधी आहे. संशयाच्या सांध्याखाली, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेला आणि ऑइल फिल्टरभोवती, टाल्कम पावडरचा हलका थर भुरभुरावा. फिरत्या पट्ट्यावर, त्याच्या पुलीजवळ आणि हवेच्या वाटेवर ती जाऊ देऊ नये. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून, इंजिन निवल्यावर टॉर्चने पाहावे. ऑइल जिथून निघते तिथे पांढऱ्यावर गडद ओली रेघ उमटलेली असते आणि तिचे वरचे टोक हेच उगमस्थान असते. गळती नेहमी खाली आणि मागे वाहत जाते, त्यामुळे सर्वांत चिकट दिसणारी जागा दोषी असतेच असे नाही.

एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून ऑइल पाझरताना दिसले तर सगळी पॅकिंग बदलायला घेण्यापूर्वी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साचणारे वायू बाहेर जाऊ देणारी झडप) तपासून घ्यावा. तो चोंदला की इंजिनाच्या पोटातला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकलले जाते. हा लहानसा भाग पॅकिंगच्या मजुरीच्या तुलनेत फारच स्वस्त असतो.

एवढी सफाई वर्षातून दोनदा पुरते: मे महिन्यात पावसाच्या आधी, तेव्हा वायपरखालची पन्हाळही मोकळी करून घ्यावी, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. किनारपट्टीवर गाडी असेल तर खारट हवेमुळे टर्मिनल आणि अर्थची वायर दर दोन महिन्यांनी पाहावी. ऑइलची फडकी आणि टिपलेला कागद वेगळ्या पिशवीत बांधून गॅरेजच्या ऑइल-कचऱ्यात द्यावा, आणि मळलेले पाणी सोसायटीच्या पावसाळी गटारात न ओतता भुशात जिरवून तो भुसाही त्याच पिशवीत घालावा.